छपरावर जाताना सांगून जा



आधी माझी ओळख थोडक्यात सांगतो. मी पायदळातून कर्नल म्हणून निवृत्त झालो. जन्म इंदूरचा, निवृत्तीनंतर घर महूला. आमच्या घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, असंच आयुष्य गेलं. त्यामुळे बोलताना एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर सांभाळून घ्या.

संयोजकांनी मला विषय दिला, 'बर्फातले दिवस'. त्यांना बहुतेक द्रास, गुरेझ, सियाचीन असं काही ऐकायचं असणार. माझे सहा हिवाळे तिथे गेले, हे खरं. पण त्याबद्दल माझ्यापेक्षा चांगलं सांगणारे पुष्कळ आहेत. मी आज माझ्या सातव्या हिवाळ्याबद्दल बोलणार आहे. तो मी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी जपानच्या डोंगरात, लेकीच्या घरी काढला. त्या घरात बंदूक नव्हती, शत्रू नव्हता, आणि तरी मी मरता मरता वाचलो. चूक पूर्णपणे माझी होती.

एक गोष्ट आधी समजून घ्या. सैन्यातल्या माणसासाठी बर्फ म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशी जागा. फील्ड पोस्टिंग आली की बायको-मुलं मागे राहतात, सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये. माझी लेक जन्मली तेव्हा मी बर्फात. तिची दहावीची परीक्षा झाली तेव्हाही बर्फात. बर्फ आणि घर हे दोन शब्द माझ्या डोक्यात कधी एकत्र आलेच नाहीत.

लेक पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकली आणि टोकियोला भाषांतराच्या कामाला लागली. तिथेच तिने लग्न केलं. जावई जपानी. काही वर्षांनी दोघांनी टोकियो सोडलं आणि जावयांच्या आजोबांच्या रिकाम्या घरात राहायला गेले. ते घर नीगाता प्रांतात, तोकामाची नावाच्या शहराच्या हद्दीतल्या एका छोट्या वस्तीत आहे. २०२४च्या डिसेंबरच्या मध्यावर मी आणि आमच्या सौ. तिथे पोहोचलो. व्हिसा नव्वद दिवसांचा. म्हणजे आख्खा हिवाळा.

टोकियोहून एचिगो-युझावापर्यंत बुलेट ट्रेनने साधारण सव्वा तास लागतो. वाटेत बावीस किलोमीटरचा एक बोगदा आहे. बोगद्यात शिरताना बाहेर लख्ख ऊन होतं, जमीन कोरडी होती. पलीकडे निघालो तर सगळं पांढरं. नोबेल मिळालेले लेखक यासुनारी कावाबाता यांची 'हिमप्रदेश' या अर्थाच्या नावाची कादंबरी याच युझावात घडते आणि ती सुरू होते आगगाडी बोगद्यातून बाहेर पडते तिथे. तो बोगदा जुना, वेगळा. पण डोंगराच्या दोन बाजूंचा फरक आजही तोच.

असं का होतं? सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल. हिवाळ्यात सायबेरियाकडून कोरडे थंड वारे निघतात. जपानच्या समुद्रात दक्षिणेकडून उबदार पाण्याचा प्रवाह येतो. वारा त्यावरून जाताना वाफ उचलतो, डोंगराला अडतो, वर चढतो आणि सगळा भार अलीकडेच टाकतो. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि पलीकडे माण-खटाव कोरडं, तसाच हा प्रकार. फक्त इथे पावसाच्या जागी बर्फ.

आणि गंमत पाहा. तोकामाची शहराची उंची इंदूरपेक्षा कमी आहे. मी बर्फ पाहिला तो दहा-पंधरा-अठरा हजार फुटांवर. इथे भातशेतीच्या गावात माणसाच्या दुप्पट उंचीचा बर्फ साठतो. तिथून जवळच, नागानो प्रांताच्या हद्दीत मोरिमियानोहारा नावाचं छोटं रेल्वे स्टेशन आहे. १२ फेब्रुवारी १९४५ रोजी तिथे ७ मीटर ८५ सेंटिमीटर बर्फ मोजला गेला. स्टेशनाशेजारी तेवढा उंच खांब उभा केलेला आहे. त्याच्याखाली उभं राहून वर पाहिलं की मान दुखते. अशा प्रदेशात माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुलंबाळं घेऊन राहतात. तिथे पोस्टिंग संपत नाही आणि बदलीही होत नाही.

आता घराबद्दल सांगतो. घर लाकडी, दोन मजली, जुनं. बर्फ यायच्या आधी तळमजल्याच्या खिडक्यांना बाहेरून आडव्या फळ्या लावतात, नाहीतर बर्फाच्या दाबाने काचा फुटतील. जानेवारीत त्या फळ्यांबाहेर बर्फ चढला आणि तळमजल्यावर भर दुपारी दिवे लावावे लागले. आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, हा तुमचा बंकरच झाला की!" मला ते फार आवडलं. मी मनात म्हटलं, चला, आपल्या ओळखीचं काहीतरी निघालं.

पण बंकरमध्ये नसते अशी एक वस्तू तिथे होती. कोतात्सु. बुटकं टेबल, खालच्या बाजूला हीटर, वर जाड रजई. चारी बाजूंनी बसायचं आणि पाय रजईत घालायचे. जपानी घरात सगळ्या खोल्या तापवत नाहीत. त्यामुळे संध्याकाळी सगळं घर त्या एका टेबलाभोवती गोळा होतं. नातवाचा अभ्यास, लेकीचं भाषांतर, सौं.चं विणकाम, जावयांची संत्री सोलणं, सगळं तिथेच. एकाने पाय हलवला की चौघांना कळतं. माझ्या बंकरमध्ये आम्ही बुखारीभोवती असेच बसायचो. फरक एवढाच की इथे आठ वर्षांचं पोर माझ्या पायाला गुदगुल्या करत होतं.

बर्फाच्या गावातला दिवस फार लवकर सुरू होतो. पहाटे अंधारात रस्ता साफ करणारी मोठी यंत्रं येतात. ती गेली की प्रत्येकाच्या दारासमोर कडक बर्फाचा बांध पडलेला असतो. तो फोडल्याशिवाय गाडी निघत नाही. मोठ्या रस्त्यांच्या मध्यभागी बारीक छिद्रांचे पाइप असतात. त्यांतून जमिनीखालचं पाणी कारंज्यासारखं उडतं आणि बर्फ वितळवतं. ही युक्ती १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जवळच्याच नागाओका शहरात निघाली. पाण्यात लोह असतं, म्हणून रस्ते तांबूस झालेले. पांढऱ्या बर्फातून तो तांबडा रस्ता पाहिला की कोकणातल्या जांभ्याची आठवण येते.

दारातला बर्फ टाकायचा कुठे? रस्त्याकडेला झाकणं असलेली वाहत्या पाण्याची गटारं असतात. झाकण उचलायचं आणि बर्फ आत ढकलायचा. पण सगळ्यांनी एकदम ढकलला तर गटार तुंबतं आणि खालच्या घरांत पाणी शिरतं. म्हणून पाळ्या ठरलेल्या. आपल्याकडे पाटाच्या पाण्याला पाळी असते, तशी. मी तिथे होतो तोवर पाळी मोडलेला एकही माणूस पाहिला नाही.

बर्फ ओढायला एक रुंद सुपासारखं फावडं असतं, वर मोठं हँडल. त्याला 'मामासान डंप' म्हणतात. मामासान म्हणजे घरातली आई. बाईमाणसालाही ओढता यावं असं फावडं, म्हणून हे नाव. त्या नावामागे एक इतिहास आहे. तो मला शेजारच्या आजींनी सांगितला.

या आजी सत्त्याऐंशी वर्षांच्या. एकट्या राहतात. पाठीतून वाकलेल्या, पण रोज सकाळी दारातला बर्फ स्वतः काढतात. त्यांना मराठी येत नाही, आमच्या सौं.ना जपानी येत नाही. तरी दोघींची चौथ्या दिवशी मैत्री झाली. बर्फाखाली गाडून ठेवलेली गाजरं आजी घेऊन आल्या. थंडीत गाजर बर्फाखाली राहिलं की गोड होतं. सौं.नी त्याचा हलवा केला. एवढं पुरलं.

एका संध्याकाळी आजी कोतात्सुत बसल्या होत्या आणि लेक भाषांतर करत होती. आजी म्हणाल्या, १९६३च्या जानेवारीत मोठा बर्फ पडला. जपानात आजही त्या हिवाळ्याचं नाव काढतात. त्या तेव्हा नव्या नवऱ्या होत्या. नवरा घरी नव्हता. त्या काळी भात कापून झालं आणि बर्फ जवळ आला की इथले पुरुष टोकियोला बांधकामावर जायचे. १९६४च्या ऑलिंपिकची तयारी चालू होती, कामाला तोटा नव्हता. मागे राहायच्या बायका, म्हातारी माणसं आणि मुलं. छपरावरचा बर्फ त्याच काढायच्या. आजी पाठीवर तान्हं मूल बांधून सासूबरोबर छपरावर चढल्या होत्या.

मग आजी हसून काहीतरी म्हणाल्या. लेक सांगू लागली, "आजी म्हणतायत, नवरा एप्रिलमध्ये परत यायचा तेव्हा त्याला घरात काय कुठे ठेवलंय हेही माहीत नसायचं. पण आल्या आल्या सगळ्यांना हुकूम सोडायचा."

आमच्या सौ. एवढ्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाल्या, "त्यांना सांग, आमच्याकडेही अगदी असंच होतं. फक्त यांची गाडी एप्रिलमध्ये यायचीच असं नाही."

मीही हसलो. पण लेक हसत नव्हती. ती खाली बघून रजईची घडी सारखी करत होती. माझ्या ते लक्षात आलं, आणि मी सोडून दिलं.

खरं सांगायचं तर तोवर मी तेच करत होतो. आल्या आल्या हुकूम. दुसऱ्याच आठवड्यात मी घराचं वेळापत्रक केलं. केरोसीनचे डबे कुठे ठेवावेत, फावडी कुठे, बूट कुठे. जावई मान लववून "हाय, हाय" म्हणायचे आणि नंतर सगळं होतं तिथे ठेवायचे. मला वाटायचं, या लोकांना बर्फातली शिस्त मी शिकवीन. चारशे वर्षं तिथे राहणाऱ्यांना मी शिकवणार होतो!

पण दिवस मजेत जात होते. १५ जानेवारीला आम्ही जवळच्या मात्सुनोयामाला गेलो. तिथे दरवर्षी त्या दिवशी नव्या जावयाला बर्फात फेकतात. खोटं नाही. देवळाच्या आवारातून पाच मीटरच्या उतारावरून चार जण हातपाय धरून त्याला खाली भिरकावतात. पूर्वी गावातली मुलगी परगावचा कोणी लग्न करून नेला की गावातली पोरं राग काढायची, त्यातून ही प्रथा आली म्हणतात. खाली मऊ बर्फात नवी बायको उभी असते, ती त्याला झटकून उठवते. नंतर होळीसारखी आग पेटवतात आणि तिची राख बर्फात कालवून एकमेकांच्या तोंडाला फासतात, "अभिनंदन" म्हणत. अगदी आपली धुळवड. मी जावयांना म्हटलं, आमच्याकडे अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे देतात. ते म्हणाले, "इंदूरला बर्फ पडत नाही, म्हणून मी वाचलो."

त्या भागात आपल्याला ओळखीचं आणखी एक ठिकाण आहे. तोकामाचीच्या डोंगरात, बंद पडलेल्या एका शाळेच्या इमारतीत मिथिला संग्रहालय आहे. तिथे मधुबनी चित्रांबरोबर आपली वारली चित्रंही आहेत. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे तिथे जाऊन राहिले होते, तिथे त्यांनी चित्रं काढली. तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषा काढणारा माणूस त्या पांढऱ्या डोंगरात पोहोचला होता, हे कळल्यावर मला उगाचच आपल्या गावात असल्यासारखं वाटलं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

२ फेब्रुवारीला सेत्सुबुन झाला. म्हणजे घरातून राक्षस बाहेर काढायचा सण. भाजलेले सोयाबीन फेकायचे. राक्षसाचा मुखवटा अर्थातच आजोबांना. नातवाने मला नेम धरून मारलं. त्यानंतर दोनच दिवसांत मोठी थंड लाट आली. बर्फ थांबायलाच तयार नाही. रात्री झोपताना बाहेर शांतता असायची. बर्फ पडतो तेव्हा आवाज होत नाही, उलट सगळे आवाज बंद होतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

इथला बर्फ काश्मीरच्या उंच चौक्यांवरच्या बर्फासारखा कोरडा नसतो. तापमान शून्याच्या आसपास, त्यामुळे बर्फ ओला आणि जड. साठून दबलेला बर्फ एका घनमीटरला तीनशे किलोच्या वर भरतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर एक मीटर बर्फ म्हणजे तीस टन. भरलेले तीन ट्रक डोक्यावर उभे आहेत असं समजा. म्हणून हिवाळ्यात चार-पाच वेळा तरी छपरावर चढून बर्फ खाली ढकलावा लागतो. जावयांनी येत्या रविवारी शेजारच्या दोघांबरोबर चढायचं ठरवलं होतं. त्यांची नोकरी नगरपालिकेत. त्या आठवड्यात ते रात्री उशिरा घरी येत होते.

त्या दिवशी सकाळी बर्फ थांबला आणि ऊन पडलं. मी माजघरातलं कागदी सरकतं दार उघडायला गेलो, तर ते अडकलं. वरची तुळई भाराने किंचित वाकली की दारं अडकतात. जावयांनीच मला हे सांगितलं होतं. नातू शाळेत होता, त्यांना पी.टी.च्या तासाला स्कीइंग असतं. सौ. आजींकडे. लेक वरच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून कुणाशी तरी मीटिंगमध्ये.

मी विचार केला, रविवारपर्यंत थांबायचं कशाला? पोर दमलंय. आपण अर्धं तरी छप्पर मोकळं करू. आणि मनात दुसरंही होतं, ते लपवत नाही. मी सियाचीन केलेला माणूस. दोन महिने या घरात संत्री सोलत बसलो होतो.

शिडी लावली. फावडं घेतलं. दोर भिंतीवर टांगलेला होता, तो घेतला नाही. कुणाला सांगितलं नाही.

अर्धा तास काम झकास झालं. घाम आला. वरून खाली पाहिलं तर सगळी वस्ती चमकत होती. आणि मग पायाखाली एक आवाज झाला. दबका, 'धप्प' असा. तो आवाज मी ओळखतो. बर्फाचा थर खालून सुटला की तो आवाज येतो. नव्या बर्फावर ऊन पडलं की उतारापासून दूर राहायचं, हे मी शेकडो जवानांना शिकवलेलं आहे. मला विचार करायला एक सेकंद मिळाला असेल. पुढच्या सेकंदाला अख्खा थर मला घेऊन वळचणीवरून खाली गेला.

मी घराची भिंत आणि बर्फाचा ढीग यांच्यामधल्या फटीत पडलो. छातीपर्यंत गाडलो गेलो. मग वरून उरलेला बर्फ आला. उजवा हात अंगाखाली, डावा तोंडासमोर. तोंडासमोरचा हात तेवढा नशिबाने तिथे राहिला, त्यामुळे श्वासापुरती जागा मिळाली. मी ओरडलो. माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता. बर्फ आवाज गिळतो. फळ्यांच्या पलीकडे चार फुटांवर माझं घर होतं, आणि माझी लेक हेडफोन लावून बसली होती.

त्या वेळात मला कोण आठवलं, ते सांगतो. मी मेजर असताना आमच्या चौकीवर दक्षिण महाराष्ट्रातला एक जवान होता. एका पहाटे चहासाठी वितळवायला बर्फ आणायला तो बाहेर गेला. तीस पावलांवर. कुणाला उठवलं नाही, सगळे रात्रपाळी करून झोपले होते म्हणून. वरून छोटासा कडा सुटला. तो बाहेर गेलाय हेच आम्हाला वीस मिनिटं कळलं नाही. सापडला तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर मी बंकरच्या भिंतीवर रंगाने लिहून घेतलं होतं: एकट्याने जायचं नाही, सांगितल्याशिवाय जायचं नाही. त्याच्या घरी पत्र मी लिहिलं. ते पत्र काय होतं हे मी माझ्या बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

मला वाचवलं आजींनी. त्या खिडकीतून बाहेर पाहत होत्या. त्यांची आयुष्यभराची सवय अशी, की शेजारच्या घराला शिडी लागलेली दिसली की वर माणूस दिसतो का हे पाहायचं. शिडी होती, माणूस नव्हता. आमच्या सौ. त्यांच्यासमोर चहा पीत बसल्या होत्या. आजींनी त्यांचा हात धरला आणि ओढतच बाहेर आणलं. सौं.ना काही कळेना. आजींनी फक्त शिडीकडे बोट दाखवलं. मग सौं.नी जी हाक मारली, ती हेडफोनमधूनही लेकीला ऐकू गेली.

तिघींनी मला उकरलं. सत्त्याऐंशी वर्षांची आजी गुडघ्यांवर बसून लहान फावड्याने माझ्या तोंडासमोरचा बर्फ काढत होती. घाई नाही, गडबड नाही. लेकीला बाजूने खण म्हणून खुणावत होती. नंतर शेजारचे दोघे आले. मी सुमारे वीस मिनिटं आत होतो. मनगट मोडलं, दोन बरगड्यांना तडा गेला. बाकी काही नाही. जपानात बर्फामुळे जे मृत्यू होतात त्यांतले बहुतेक बर्फ काढताना होतात, आणि त्यांत सगळ्यांत जास्त माणसं माझ्या वयाची आणि पुढची असतात. त्या यादीत माझी भर पडली नाही, एवढंच.

लेक दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. औषध घेतलंत का. वरण वाढू का. तिसऱ्या रात्री बाकीचे झोपल्यावर ती कोतात्सुत माझ्यासमोर बसली. म्हणाली, "बाबा, एक विचारू? लहानपणी तुम्ही कुठे आहात हे आम्हाला कळायचं नाही. आई म्हणायची, ते सांगता येत नाही, ते गुपित असतं. मी ते मानलं. शाळेत कुणी विचारलं की अभिमानाने सांगायचे, माहीत नाही म्हणून. पण आपल्या घराच्या छपरावर चढताना सांगायला कसलं गुपित होतं?"

मंडळी, मला कमांडिंग ऑफिसरने विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देता आली आहेत. या प्रश्नाला आली नाहीत.

ती पुढे म्हणाली, "आता मी तुमची वाट बघत बसणारी मुलगी नाही. हे माझं घर आहे. इथे बर्फात माझं मूल आहे, नवरा रोज बाहेर जातो. इथे कुणी एकटा शूर नसतो, बाबा."

मी तिला त्या जवानाची गोष्ट सांगितली. भिंतीवर काय लिहिलं होतं तेही. आणि ते मीच मोडलं, हेही. बोलता बोलता कधीतरी सौ. उठून दारात उभ्या होत्या. त्यांनीही ते पहिल्यांदाच ऐकलं. तीस वर्षांपूर्वी मी सुट्टीवर आलो होतो आणि आठ दिवस जेवलो नव्हतो नीट. त्यांना आता कळलं का. त्या म्हणाल्या, "मला वाटायचं माझ्या हातचं आवडेनासं झालं." इतकी वर्षं ती बाई ते मनात ठेवून होती.

हिमनदीवर आम्ही एका दोराला बांधून चालतो. एक पडला तर बाकीचे धरतात. मला वाटायचं, ही सैन्याची गोष्ट आहे. त्या रात्री कळलं की माझ्या घरातले सगळे दोराला बांधलेले होते. गाठ सोडून चालणारा एकटा मी होतो, तेही नोकरी संपल्यावर अकरा-बारा वर्षांनी. कर्तव्य म्हणून गप्प राहणं वेगळं. पुढे ती सवय होते, आणि सवयीला आपण कर्तव्याचं नाव देत राहतो.

दुसऱ्या दिवशी नातवाने दाराशेजारी पांढरा फळा टांगला. त्यावर पाच नावं, आणि पुढे तीन रकाने: कुठे, कोणाबरोबर, परत कधी. पहिली ओळ त्याने माझीच लिहिली: "आजोबा. कोतात्सु. सगळ्यांबरोबर. मार्च." पुढचा महिना प्लास्टर घातलेल्या हाताने मी तेच केलं. रविवारी जावई आणि शेजारी छपरावर गेले तेव्हा मी खाली, सुरक्षित अंतरावर खुर्ची टाकून बसलो. माझं काम फक्त वर पाहत राहायचं. दर दहा मिनिटांनी हाक मारायची आणि उत्तर आलं का पाहायचं. ते काम मी मनापासून केलं. तीस वर्षांच्या नोकरीत केलेल्या पहाऱ्यांइतकंच.

मार्चमध्ये बर्फ खचायला लागला. उन्हाच्या बाजूला जमिनीची एक काळी पट्टी दिसली आणि तिच्यातून एक हिरवा गोल कोंब वर आला. 'फुकिनोतो' म्हणतात त्याला. चव कडू. आजींनी त्याची भजी करून आणली. आमच्या सौ. खाऊन म्हणाल्या, "गुढीपाडव्याचा कडुलिंब इथे आधीच आला." निघताना मी आजींना वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या मनगटावर थोपटलं आणि काहीतरी म्हणाल्या. लेकीने सांगितलं, "म्हणतायत, पुढच्या हिवाळ्यात या. शिडीवर लक्ष ठेवायला माणूस लागतो."

आम्ही महूला परतलो. इथे बर्फ नाही. पण आमच्या दाराशेजारीही आता फळा आहे. मी भाजी आणायला गेलो तरी लिहून जातो. सुरुवातीला सौ. हसायच्या. आता त्याही लिहितात.

हे भाषण ऐकणाऱ्यांत माझ्या वयाचे पुष्कळ असतील. कोणी बडोद्याला, कोणी हैदराबादला, कोणी दिल्लीत. मुलं लांब. आपल्याला वाटतं, कशाला सांगायचं, उगाच काळजी करतील. छातीत दुखलं तरी सांगत नाही, गच्चीवरची टाकी साफ करायला चढतो तरी सांगत नाही. माझी एवढीच विनंती आहे. आज घरी गेल्यावर कुणाला तरी सांगा, मी असा असा इथे आहे. आणि शेजारच्या घराला शिडी लागलेली दिसली, तर वर माणूस दिसतो का तेवढं पाहा.

जय हिंद.